फिल्म बदलण्याआधी चित्रावर आरसा धरून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात दोन वेगळे त्रास एकमेकांत मिसळले आहेत. आजोबांनी काढलेली सहा चित्रं आहेत, पाच जलरंगातली आणि एक कोळशाचं. घरात लहान मुलं म्हणून तुम्ही फ्रेममधली काच काढून पारदर्शक फिल्म बसवून घेतली. चित्रं बैठकीत मोठ्या खिडकीच्या अगदी समोरच्या भिंतीवर आहेत. आता सोफ्यावर बसलं की चित्र दिसत नाही, पाण्यावर हलल्यासारखी खिडकी आणि पांढरे पट्टे दिसतात. फुटाळा तलावाच्या संध्याकाळचं चित्र तर पुरतं झाकून जातं. फिल्मवर मॅट स्प्रे मारू, की चित्रं सरळ मॅट लॅमिनेट करून घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. स्प्रेचं नंतर बोलू, पण लॅमिनेशनचा विचार आजच डोक्यातून काढून टाका.

नागपूरच्या महाल भागात बाबांनी सुरू केलेल्या फ्रेमच्या दुकानात मी गेली २५ वर्षं बसतेय. ‘ताई, काच चमकते’ ही तक्रार घेऊन आठवड्याला एक जण तरी येतोच. मागे एक काकाजी बाबासाहेबांचा मोठा फोटो घेऊन परत आले. “ताई, बाबासाहेब दिसूनच नाही राहिले, टूबलाईट दिसून राहिली.” काच तीच होती, जी मी त्या आठवड्यात इतर दहा फ्रेमना लावली होती. फरक फोटोत होता. गडद निळा सूट, आणि त्या सुटावर टूबलाईट आरशात दिसावी तशी स्वच्छ उमटलेली. त्याच फोटोतल्या फिकट पार्श्वभूमीवर ती जेमतेम जाणवत होती. काचेवरून परतणारा उजेड दोन्हीकडे सारखाच असतो. जिथे चित्र स्वतः कमी उजेड पाठवतं तिथे तो डोळ्यांत भरतो. तुमच्या सहा चित्रांत फुटाळ्याचं सगळ्यात जास्त झाकलं जातं, कारण तेच सगळ्यात काळोखं असणार.

आता थोडा हिशेब, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परततो. समोरची आणि मागची बाजू मिळून ८ टक्के. ॲक्रिलिकचंही, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटचंही, जवळपास तेवढंच. पण कडकड वाजणारी पारदर्शक पॉलिस्टर फिल्म, म्हणजे जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक शीटची जात, प्रत्येक बाजूने ६ टक्क्यांच्या आसपास परत पाठवते. दोन्ही मिळून १२ च्या घरात. म्हणजे काच काढून फिल्म लावताना तुम्ही नकळत चमक दीडपट केली. फिल्म पातळ असते म्हणून कमी चमकत असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. जाडीचा इथे काही संबंध नाही.

तरी प्रश्न उरतोच की १२ टक्क्यांनी अख्खं चित्र कसं झाकलं जातं. समजा, दुपारी दिवे बंद आहेत आणि खिडकीतलं आभाळ तुमच्या चित्रापेक्षा १०० पट उजळ आहे. एवढा फरक घरात सहज असतो. त्या १०० चे १२ टक्के म्हणजे १२. चित्राचा स्वतःचा उजेड १ आणि त्यावर चढलेलं प्रतिबिंब १२. काच असती तर ८ ला १. आणि बाजारातली सगळ्यात महाग, १ टक्क्याच्या आत परावर्तन आणणारी काच लावली, तरी १ ला १. इतके पैसे घालूनही खिडकी चित्राच्या बरोबरीने दिसत राहणार! म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी घरची खोली विचारते आणि मग काच दाखवते. चमक खोलीतून येते. फिल्म ती फक्त तुमच्याकडे वळवते.

यातून कोणीही म्हणेल, मग पडदा ओढा. मीही कित्येक वर्षं हेच सांगायचे, आणि लोक येऊन सांगायचे की फार फरक पडला नाही. कारण साधं होतं, मलाच उशिरा कळलं. खोलीत उजेड फक्त त्या खिडकीतूनच येत असेल, तर पडद्याने आभाळ जेवढं मंदावतं तेवढंच चित्रही मंदावतं. १२ ला १ चं नातं तसंच राहतं. पडद्याच्या जोडीला चित्रावर वेगळा दिवा लागतो. पडद्याने आभाळ दहापट उतरवलं आणि दिव्याने चित्र पुन्हा पहिल्याइतकं उजळ केलं, की तुमच्या त्याच फिल्मवर प्रतिबिंब १.२ आणि चित्र १ होतं. महागड्या काचेच्या जवळपास आलात, तेही शे-दोनशे रुपयांच्या दिव्यात.

पण दिवा घ्यायच्या आधी एक गोष्ट करा. एक छोटा सपाट आरसा घ्या, हातातला चालेल. कोणाला तरी तो चित्राच्या मधोमध, फिल्मला अगदी चिकटवून सपाट धरायला सांगा. तुम्ही रोजच्या जागी बसा. आरशात जे दिसेल तेच तुमच्या चित्रावर चढतंय. मग आरसा वरच्या कडेला, खालच्या कडेला, दोन्ही बाजूंना सरकवायला सांगा. खिडकी दिसेल हे तुम्हाला माहीतच आहे. पण बहुतेक घरांत आणखी एखादी गोष्ट सापडते, जिच्यावर कोणाचा संशय नसतो. पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइलवर पडलेला उन्हाचा चौकोन, समोरच्या इमारतीची चुन्याची भिंत, स्वयंपाकघरातला उघडा दिवा. एकदा एका घरी दोष फ्रिजच्या पांढऱ्या दाराचा निघाला. हे सगळं फुकट कळतं, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे भिंत बदलणं. खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर चित्र लावलं, तर खिडकीचा उजेड तिरका येतो आणि तिरकाच खोलीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. तुमच्या बैठकीत अशी भिंत कोणती, हे टीव्ही कुठे आहे त्यावरून कळेल. टीव्ही लावताना प्रत्येक जण न शिकवता हा विचार करतो आणि चांगली भिंत त्याला देऊन टाकतो. मग आजोबांच्या चित्रांच्या वाट्याला खिडकीसमोरची उरते. आता टीव्ही हलवा म्हणायची माझी हिंमत नाही. पण सहापैकी काळोखी दोन-तीन तरी टीव्हीच्या बाजूला किंवा आतल्या खोलीत गेली, तर अर्धा प्रश्न सुटतो. फिकट चित्रं खिडकीसमोर राहिली तरी फारसं बिघडत नाही.

भिंत बदलायची नसेल तर चित्र झुकवा. जुन्या वाड्यांतले आजोबा-पणजोबांचे फोटो आठवा. भिंतीला सपाट कोणीच नसायचं. वरची कड दोरीने पुढे आलेली, खालची कड लाकडी ठोकळ्यांवर टेकलेली. ती काही नुसती शोभा नव्हती. फोटो उंचावर असायचे, बसणारा खाली जमिनीवर, आणि झुकाव दिला की काचेत दारा-खिडक्यांचा उजेड दिसायचा नाही. पुढे ड्रिलने खिळा ठोकून सपाट टांगायची फॅशन आली आणि हे शहाणपण आम्ही दुकानदारांनीच विसरायला लावलं.

झुकवायचं किती? फ्रेम १ अंश झुकवली की परतणारा उजेड २ अंश वळतो, हे लक्षात ठेवा. एक उदाहरण घेऊ, तुमची मापं तुम्ही घाला. चित्राचा मध्य जमिनीपासून ५ फुटांवर, सोफा ८ फूट दूर, बसलेल्याचे डोळे ४ फुटांवर. समोरची खिडकी १४ फूट दूर, तिची चौकट ३ ते ७ फूट उंचीत. चित्र सपाट असेल तर मधल्या बिंदूत तुम्हाला पावणेसात फुटांवरचं दिसतं, म्हणजे खिडकीचं वरचं तावदान. ५ अंश झुकवलं तर तिथे सव्वाचार फुटांवरचं दिसेल. म्हणजे खिडकीचा मध्य, पहिल्यापेक्षा वाईट! ‘झुकवून पाहिलं, काही उपयोग नाही’ म्हणणारे बहुतेक इथेच थांबलेले असतात. ८ अंश दिले की नजर २ फूट १० इंचांवर, खिडकीच्या चौकटीखाली उतरते. खिडकीखालची भिंत दिवसा खोलीतली सगळ्यात काळोखी जागा असते, आणि आपल्याला तेच हवं असतं.

यातही एक मेख आहे. मध्य सुटला तरी चित्राची वरची कड तुमच्या डोळ्यांपेक्षा आणखी उंच असते, तिच्यात खिडकी अजूनही सापडते. म्हणून झुकवण्यासोबत चित्र थोडं खाली आणा. मध्य सव्वाचार फुटांवर घेतला तर १५ इंच उंचीच्या फ्रेमची वरची कडसुद्धा ८ अंशांत खिडकीखाली सुटते. ८ अंश ऐकायला खूप वाटतात, पण १५ इंचांच्या फ्रेमला ते म्हणजे वरची कड भिंतीपासून जेमतेम २ इंच पुढे. मागच्या कड्या फ्रेमच्या वरच्या टोकाला न लावता मध्याच्या जरा वर लावा, फ्रेम आपोआप पुढे झुकते. मग दोरीची लांबी कमीजास्त करून झुकाव जमवा. खाली आणल्यावर मुलांचा हात पोचेल, हे खरं. मुलं किती लहान आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे हा निर्णय तुमचा. उभं राहून पाहणाऱ्याला झुकलेल्या चित्रात जमीन दिसेल. तिथे चकचकीत पांढरी टाइल आणि तिच्यावर ऊन असेल तर एखादी गडद सतरंजी टाका.

दिव्याचंही तसंच. चित्राच्या समोरून येणारा दिवा नको, वरून तिरका हवा. कलादालनांतून वापरला जाणारा ठोकताळा असा की झोत उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून चित्राच्या मध्यावर पडावा. तुमचं छत १० फुटांचं आणि चित्राचा मध्य ५ फुटांवर असेल, तर दिवा भिंतीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर येतो. त्याहून मागे नेला तर बसणाऱ्याच्या डोळ्यांत प्रतिबिंब येतं. फार पुढे आणला तर फ्रेमच्या पट्टीची सावली चित्रावर पडते. मात्र ही जलरंगातली चित्रं आहेत. जलरंग आणि कागद उजेडाने फिके पडतात, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. संग्रहालयं अशा कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच ठेवतात, घरच्या साध्या दिव्यातल्या बैठकीपेक्षाही कमी. म्हणून दिवा एलईडीचा, मंद, आणि माणसं बसलेली असताना चालू ठेवा, दिवसभर नको. आपल्याकडच्या एप्रिल-मेतलं थेट ऊन चित्रावर पडत असेल, तर चमकेचं राहू द्या, आधी चित्र तिथून काढा. साधी पॉलिस्टर फिल्म किंवा साधी काच त्यापासून पुरेसं वाचवत नाही.

आता लाटांकडे येते. तुमचा अर्धा वैताग त्यातूनच आहे.

सपाट पृष्ठभाग खिडकी एकाच दिशेला पाठवतो. तुम्ही थोडं सरकलात की सुटका. लाटा असलेल्या फिल्मवर प्रत्येक लाटेचा उतार वेगळ्या दिशेला असतो, त्यामुळे कुठेही बसा, कुठला ना कुठला उतार खिडकी पकडतोच. ते पांढरे पट्टे म्हणजे लाटांचे उतार आहेत. म्हणूनच असल्या फिल्मवर झुकवण्याचा उपाय पुरा चालत नाही. आधी पृष्ठभाग सपाट व्हायला हवा.

फिल्मला लाटा येतात कशाने? एक तर ती गुंडाळीतून कापलेली असते आणि गुंडाळीची सवय सोडत नाही. दुसरं, १०० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या पातळ फिल्ममध्ये स्वतःचा कणाच नसतो. तिसरं कारण आम्हा फ्रेमवाल्यांच्या हातचं. ती फ्रेमच्या खाचेत अगदी घट्ट बसेल अशी कापतात आणि मागचा हार्डबोर्ड खिळ्यांनी दाबतात, म्हणजे तिला सरकायला जागा उरत नाही. केसांच्या ड्रायरने गरम करून ती ताणता येते असं तुम्हाला कोणी सांगेल. या जातीच्या फिल्मचं आकुंचन कारखान्यातच काढून घेतलेलं असतं, ड्रायरच्या उष्णतेने ती फारशी आवळत नाही. एका जागी जास्त तापली तर तिथे कायमचा फुगा येतो. आणि चित्र आत ठेवून ड्रायर मारण्याचा विचारही नको.

ए-फोर मापाच्या आतलं काही असेल तर जाड, २५० मायक्रॉनची फिल्म चारही बाजूंनी थोडी सैल ठेवून बरी बसते. त्याहून मोठ्याला मी फिल्म लावतच नाही, २ मिमी ॲक्रिलिक लावते. दोन फुटांच्या पुढे ३ मिमी. मुलांच्या दृष्टीनेही तेच बरं, फुटून काचा होत नाहीत. फक्त ॲक्रिलिक उन्हाळ्यात वाढतं. ३ फुटांची शीट ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ २ मिमी लांब होते, आणि नागपुरात जानेवारीची पहाट ते मेची दुपार हा फरक त्याहूनही मोठा आहे. हिवाळ्यात खाचेत घट्ट बसवलेली शीट उन्हाळ्यात पोट काढते. पोट आलं की पुन्हा वाकडं प्रतिबिंब. म्हणून फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा की शीट खाचेपेक्षा २ मिमी कमी काप. तो म्हणेल, ‘ढिली राहील.’ राहू द्या.

तुमची फिल्म मऊ, लवचिक आणि प्लॅस्टिकच्या टेबल कव्हरसारखा वास येणारी असेल, तर ती पॉलिस्टर नाही, पीव्हीसी असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर चमक वगैरे सोडून आधी ती काढा. तिच्यातलं मऊपणा आणणारं तेल हळूहळू बाहेर येतं, रंगाला आणि कागदाला चिकटतं, आणि ती पिवळी पडते.

मॅटबद्दल बोलण्याआधी एक घोळ मिटवते. चष्मेवाला ज्याला अँटीग्लेअर म्हणतो आणि फ्रेमवाला ज्याला नॉनग्लेअर म्हणतो, त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. फ्रेमच्या दुकानातली नॉनग्लेअर काच किंवा फिल्म म्हणजे मॅट. तिचा पृष्ठभाग बारीक खरबरीत केलेला असतो. ती परावर्तन कमी करत नाही, पसरवते. खिडकीचा धारदार चौकोन जाऊन त्या जागी पांढरट धुकं येतं. काळा रंग करडा दिसतो. आणि चित्रसुद्धा त्याच खरबरीत पृष्ठभागातून पाहावं लागतं. घरी बटर पेपर असेल तर तो वर्तमानपत्रावर सपाट ठेवा, अक्षरं वाचता येतील. मग तो बोटभर वर उचला, अक्षरं विरघळतील. मॅट फिल्मही हेच करते, फक्त कमी प्रमाणात. चित्राला चिकटून असेल तर ठीक, अंतर पडलं की धूसर.

पण जलरंगाचं चित्र कशालाही चिकटून ठेवायचं नसतं. पावसाळ्यात आणि कूलरच्या दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि फिल्मला टेकलेल्या जागी बुरशीचे डाग येतात. म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. माउंट बोर्डाची जाडी साधारण दीड मिमी. एवढ्या अंतरावर चांगली, हलक्या मॅटची शीट चालते, खरबरीत बाजू बाहेर ठेवून. दुहेरी माउंट किंवा खोल बॉक्स फ्रेम असेल तर मॅट नको, आजोबांची बारीक रेघ हरवेल. माझं मत विचाराल तर जलरंगाला मॅट मला आवडत नाही. पाण्याने आणलेली पारदर्शकता हाच त्या रंगाचा जीव, आणि त्यावरच आपण धुकं घालतो. छापील पोस्टरला, प्रमाणपत्राला, कॅलेंडरच्या चित्राला खुशाल लावा.

चष्म्यावरचा प्रकार वेगळा. तिथे काचेवर अतिशय पातळ थर चढवतात. थराच्या वरच्या बाजूने आणि खालच्या बाजूने परतणारा उजेड एकमेकांना मारून टाकतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा थर साधारण १०० नॅनोमीटर जाड असतो, केसाच्या जाडीच्या एक-दोन सहस्रांश. उरलासुरला उजेड हिरवट किंवा जांभळट दिसतो, तुमच्या चष्म्यावर दिसतो तसा. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये कॅथरीन ब्लॉजेट या बाईंनी १९३८ साली साबणासारख्या पदार्थाचे ४४ रेणूथर काचेवर चढवून जवळपास न दिसणारी काच करून दाखवली होती. अडचण एवढीच की तो थर मऊ होता, हाताने पुसला की जायचा. आजचे थर टणक असतात, तरी मला पुसणाऱ्या हातांची धास्ती असतेच. दुकानात ही काच दाखवली की पहिलं गिऱ्हाईक हमखास बोट लावून बघतं, आणि बोटाचा ठसा या काचेवर साध्या काचेपेक्षा जास्त उठून दिसतो. लहान मुलांच्या घरात याचा विचार करा. घेणार असाल तर थर दोन्ही बाजूंना आहे का ते विचारा. एकाच बाजूला असेल तर फायदा अर्धाच. ॲक्रिलिकवर असा थर असलेली शीटही मिळते, पण ती मागवावी लागते आणि सहा फ्रेमचा खर्च ऐकून तुम्ही मला परत प्रश्न विचाराल. एकाच चित्रावर खर्च करायचा असेल तर फुटाळ्यावर करा, पण तेही भिंत आणि पडद्याचं जमवून झाल्यावर.

स्प्रेचं थोडक्यात. मॅट स्प्रे फिल्मवर एकसारखा बसत नाही, संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे येतात, आणि पॉलिस्टरवर त्याची पकडही कच्ची असते. काही महिन्यांत कोपऱ्यांतून पापुद्रे निघतात. ॲक्रिलिकवर मारला तर त्यातल्या द्रावकाने शीटला केसासारख्या चिरा पडू शकतात. प्रयोग करायचाच असेल तर चित्र बाहेर काढून, कोऱ्या तुकड्यावर, गच्चीत करा.

आणि लॅमिनेशन. दुकानात बसायला लागून दोनेक वर्षं झाली असतील, एका बाईंनी वडिलांच्या हातचं पेन्सिलचं रेखाटन आणलं. चमक नको म्हणाल्या. मी हुशारीने कोल्ड, म्हणजे न तापवता चिकटवायचं, मॅट लॅमिनेशन केलं. एका कोपऱ्यात बुडबुडा राहिला म्हणून फिल्म थोडी उचलली, तर शिसं फिल्मला चिकटून वर आलं. डोळ्याचा भाग. तो परत कागदावर जात नाही. पैसे मी घेतले नाहीत, पण पैशाचा तिथे काही उपयोगही नव्हता. तेव्हापासून हाताने काढलेल्या कुठल्याही गोष्टीला दुकानात लॅमिनेशन होत नाही. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी आधी स्कॅन करून प्रिंट काढा आणि प्रिंटला करा, एवढंच सांगते.

पुसण्याचंही सांगून ठेवते, कारण ओरखडे पडले की प्रत्येक ओरखडा चमकतो आणि मग कुठलाच कोन उपयोगी पडत नाही. फिल्म आणि ॲक्रिलिक कोरड्या पंच्याने पुसू नका. नागपूरच्या धुळीत ते म्हणजे पॉलिश पेपर. आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग किंचित ओल्या मायक्रोफायबरने, साबणाचा एखादा थेंब घेऊन, अलगद पुसा. फवारा फ्रेमवर मारायचा नाही, कापडावर घ्यायचा. अमोनियाचा काचेचा फवारा आणि स्पिरिट ॲक्रिलिकवर चालत नाही.

तेव्हा तुमच्या जागी मी असते तर आज आरसा धरून बघितला असता, या आठवड्यात काळोखी चित्रं खिडकीसमोरून हलवली असती आणि पडदा-दिव्याचं बघितलं असतं. मग पाच जलरंगांपैकी एकच फ्रेम फ्रेमवाल्याकडे नेऊन, माउंट घालून, २ मिमी साधं पारदर्शक ॲक्रिलिक सैल बसवून घेतलं असतं. ती महिनाभर घरात लावून पाहायची आणि पटलं तर बाकीच्या चार न्यायच्या. मेमध्ये पोट आलं नाही, तर फ्रेमवाला चांगला आहे समजा.

सहावं, कोळशाचं चित्र, मात्र या हिशेबात धरू नका. कोळसा कागदावर नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो. फिल्म आणि ॲक्रिलिक दोन्ही पुसताना स्थिर विजेने भारतात, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तर कापड फिरवताच केस उभे राहतात. ती वीज कोळशाची पूड कागदावरून ओढून स्वतःच्या आतल्या बाजूला लावून घेते. तुमच्या फ्रेममध्ये फिल्मच्या आतून करडी झाक दिसतेय का, ते उजेडात तिरकं धरून बघा. फ्रेम हलवताना आडवी, चित्र वर ठेवून न्या, आपटू नका आणि घरी उघडू नका. त्याला साधी काचच हवी, दुहेरी माउंटमागे, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा आतल्या भिंतीवर, वाड्यातल्या फोटोंसारखी चांगली पुढे झुकवून.